एकदा वाजून बंद होणारा फोन

आमच्या माडीवर फोन वाजायचा तो एकदाच. पहाटे मी अंगणात सडा टाकत असले की वरच्या खिडकीतून एक घंटी ऐकू यायची आणि लगेच बंद व्हायची. कुणी उचलायचं नाही. मग नळ सुटल्याचा आवाज, गॅसचा लायटर, थोड्या वेळानं चहाचा वास.

सुरुवातीला मला नाही नाही ते वाटलं. भाडेकरू बाई एकटी, वय चाळिशीच्या पुढं, लग्न नाही, गाडी स्वतः चालवते, आणि रोज पहाटे कुणाचा तरी फोन येऊन कट होतो. शेजारच्या विठाबाईंनी विचारलंच, "काय गं, तुमच्या मॅडमला रोज कोण उठवतं?"

"मला काय ठाऊक? अलार्म असेल."

"अलार्म असा लाजून बंद हुतो व्हय?"

एकदा ज्वारीच्या गरम भाकरी घेऊन वर गेले तेव्हा धीर करून विचारलं. ती हसली. हसताना ती खाली बघायची, जणू हसू कुणाला दाखवायची सवयच गेलीय.

"ते आमचे आप्पा, वहिनी. मिस कॉल देतात. म्हणजे उठलेत, बरे आहेत."

"मग उचलून दोन शब्द बोलावं की."

"उचलायचा नाही असं ठरलंय. उचलला तर तेच घाबरतील, पोरीला काय झालं म्हणून."

तिचं नाव जगदेवी. गाव जळकोट, आमच्या मुरुमपासून पाऊण तासाच्या वाटेवर. वडील व्यंकटआप्पा. हायवेला लागून त्यांची पिठाची गिरणी होती, मागं राहतं घर. आई ती शाळेत असतानाच गेली, पाठीला भाऊ-बहीण नाही. पोर गिरणीतच वाढली. दळणाच्या डब्यांच्या रांगेत बसून अभ्यास करायची. दगडाचा आवाज जरा बदलला की आप्पा हात पुढं करून पीठ चिमटीत धरायचे, आणि ते गरम लागलं की दगड उचलून घ्यायचे. "आप्पांची चिमूट हाच मी बघितलेला पहिला सेन्सर," असं ती म्हणायची.

पुढं ती इंजिनिअर झाली, पुण्याच्या एका कंपनीत लागली आणि पहिल्याच वर्षी गुजरातेत साइटवर गेली. तेव्हा दुसऱ्या राज्यात फोन उचलला की त्याचेही पैसे लागायचे. बापलेकीनं मग कायदा करून टाकला. फोन एकदा वाजून बंद झाला तर बरं चाललंय. दोनदा वाजला तर सवडीनं फोन कर. वाजलाच नाही तर ये.

रोमिंग गेलं, फोन फुकट झाले, पण कायदा राहिला. आप्पा मुळात कमी बोलणारे. "काय चाललंय?" "काय न्हाय, बरं हाय." एवढ्यावर त्यांचं बोलणं संपायचं. त्यापेक्षा त्या एका घंटीत जास्त मजकूर होता म्हणा. बापाकडं जाणारा तिचा धागा एवढाच होता, आणि त्या धाग्याच्या भरवशावर ती कुठं कुठं राहून आली. गुजरात, ओडिशा, तिकडं खाली तमिळनाडू. कारखाने दिवाळीत बंद असतात, तेव्हाच त्यांच्या यंत्रांना हात लावता येतो. त्यामुळं हिच्या बऱ्याच दिवाळ्या कुणाच्या तरी बंद कारखान्यात, डबा खात गेल्या. माडीवर तिचे कप दोनच, आणि त्यातला एक मी कधी ओला बघितला नाही.

तिचं काम काय हे मला कळायला वेळ लागला. आमच्या भागात धरणाचं पाणी उचलून गावोगावच्या टाक्यांत सोडणारी एक योजना झाली. पंप, टाक्या, व्हॉल्व हे सगळं एका कॉम्प्युटरच्या हाताखाली आणायचं होतं. टाकी भरली की पंप आपोआप थांबावा, पाणी कमी झालं की आपोआप सुरू व्हावा, काही बिघडलं तर भोंगा वाजावा. आधीचा इंजिनिअर काम अर्धवट टाकून गेला होता. अशी अडलेली कामं तपासायची, खरं किती झालंय ते ठरवायचं आणि मग ती माणसं हाताशी धरून पुरी करून द्यायची, ही जगदेवीची नोकरी.

"साइटवर 'झालं' म्हणजे काय असतं, वहिनी," ती एकदा भाजी निवडता निवडता म्हणाली, "नुसतं 'झालं' म्हणजे सामान आलंय. 'पूर्ण झालं' म्हणजे बसवलंय. आणि 'शंभर टक्के झालं' म्हणजे ज्यानं बसवलं तो पळून गेलाय."

आमच्या ह्यांचं बाजारात मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. पंपहाउसवरचा ऑपरेटर शिवराज जळलेल्या मोटारी घेऊन तिथं यायचा आणि मॅडमच्या गोष्टी सांगायचा. पन्नाशीचा गडी, पण मॅडम येणार म्हटलं की दाढी करून यायचा. "बाकीचे साहेब येत्यात, पंप चालू हाय का इचारत्यात, चहा पित्यात, जात्यात. ह्या बाई म्हणत्यात, चालू हाय ते मला दिसतंय, बंद कसा पडतो ते दाखवा. आता चांगला चालल्याला पंप बंद पाडून दाखवायचा म्हंजे काय मालक!"

गावातल्या बायकांनी लग्नाचं विचारलं की ती म्हणायची, "यंत्रणा बसवून तयार आहे, पण चाचणीत कुणी पास झालं नाही." बायका खो खो हसायच्या. ती खाली बघून हसायची आणि जिना चढून वर जायची. वर गेल्यावर दिवा लागायला मात्र बराच वेळ लागायचा.

हे काम तिनं मागून घेतलं होतं, जळकोट जवळ म्हणून. "इतक्या वर्षांनी आप्पांपासून पाऊण तासावर आले, वहिनी." मग तिथंच का राहत नाहीस, असं मी विचारलं. म्हणाली, आप्पाच नको म्हणाले. कामाजवळ राहा, रात्री-अपरात्री साइटवर बोलावतात, हायवेनं एकटी येऊ नको. पहिले काही महिने दर रविवारी जायची. मग चाचण्या सुरू झाल्या आणि रविवार साइटवर जायला लागले. फोन करायची, पण तो कधी कधी शेजारची सिताबाई उचलायची आणि "थांब हं, आप्पा दारात हायेत, देते," म्हणायची. गावाकडं शेजारी आत-बाहेर असतातच. त्यात कुणाला काही वाटायचं कारण नव्हतं.

वेळा अमावस्येला, शेतातल्या पूजेला, मात्र ती गेली होती. मी सगळ्या भाज्या घालून भज्जी करून दिली, आंबिलीचं मडकं गाडीत पोत्यात नीट बसवून दिलं. संध्याकाळी परत आली तेव्हा जरा उतरलेली होती. "आप्पा शेतात आलेच नाहीत. ऊन डोळ्यांत जातं म्हणाले. मी एकटीनं कडब्याच्या कोपीपुढं पूजा केली आणि जेवण घरी नेऊन दिलं."

"वय झालं गं," मी म्हटलं.

"हो ना. पण एक मात्र आहे, आताशा घड्याळासारखे झालेत. पूर्वी मिस कॉल द्यायला उशीर करायचे, कधी विसरायचे आणि माझा जीव टांगणीला लागायचा. कधी दोनदा द्यायचे आणि मी फोन केला की म्हणायचे, चुकून दाबला. आता एकदाही चुकत नाहीत. म्हातारपणी शिस्त आली."

तेही बरं वाटलं ऐकून. मलासुद्धा त्या घंटीची सवय झाली होती. ती वाजली की सडा संपवून मी दूध तापवायला घ्यायची.

त्याच सुमारास गच्चीवर वाळवण घालताना तिनं मला फोनवर टाक्यांची चित्रं दाखवली होती. प्रत्येक टाकीपुढं हिरवा नाहीतर लाल ठिपका. एक ठिपका हिरव्याचा लाल झाला, थोड्या वेळानं पुन्हा हिरवा.

"बिघडलंय का गं?" मी विचारलं.

"नाही. तिथलं पाणी खाली गेलं, सेन्सरनं 'नाही' म्हणून सांगितलं, आता पुन्हा आलं. दिवसातनं चार वेळा रुसतो हा. रुसणारा सिग्नल खरा, वहिनी. कधीच रुसत नाही त्याच्याकडं जाऊन बघावं लागतं."

पाडवा झाला आणि ऊन तापायला लागलं. योजना ताब्यात द्यायचा दिवस जवळ आला. पुण्याहून तिच्या साहेबांचे फोन सारखे सुरू. शेवटची एक चाचणी उरली होती, मुख्य पंपहाउसची. तिथं जे घडलं ते मला आधी तिनं गाडीत सांगितलं आणि नंतर शिवराजनं दुकानात बसून. दोघांचं सांगणं जुळतं.

पंपहाउसखाली जमिनीत मोठी टाकी आहे. तिच्यात पाणी नसताना पंप फिरला तर जळतो. म्हणून पाण्यात एक तरंगता गोळा सोडलेला असतो. पाणी आहे तोवर तो वर तरंगतो, पाणी संपलं की खाली लोंबतो आणि पंप बंद पडतो. जगदेवीनं पंप चालू ठेवायला सांगितला आणि स्वतः वाकून, दोरी ओढून तो गोळा पाण्याबाहेर काढला. गोळा तिच्या हातातून खाली लोंबत होता, निथळत. आता पंप थांबायला हवा होता. पंप चालूच. स्क्रीनवर हिरवा ठिपका, पाणी आहे.

ती तशीच हातात गोळा धरून उभी राहिली. शिवराज म्हणतो, "लई वेळ उभ्या होत्या मॅडम. मला वाटलं आता माझी चामडी सोलत्यात."

पॅनल उघडलं तर आत दोन टोकांना जोडलेला वायरचा एवढासा तुकडा. इलेक्ट्रिशियन लोक त्याला जंपर म्हणतात. तो टाकला की गोळा पाण्यात असो नाहीतर बाहेर, कॉम्प्युटरला एकच निरोप जातो, पाणी आहे.

"कुणी टाकली?"

"म्याच, मॅडम," शिवराज म्हणाला. "तो गोळा दुपारच्याला सारखा भोंगा वाजवायचा. गावात पाणी गेलं न्हाय की लोक मला शिव्या देत्यात. आन् रोज बघतो की म्या, टाकीत पाणी असतंयच. मंग खोटं काय त्यात?"

"कधीपासून?"

"दिवाळीच्या आधीपासनं. तवापासनं एकदा बी चुकला न्हाय बघा."

त्यावर ती रागावली नाही, ओरडली नाही. पंपहाउसच्या पायरीवर जाऊन बसली. शिवराजनं पाणी दिलं ते प्यायली. मग तिनं फोन काढून आप्पांना लावला. पूर्ण वाजला, कुणी उचलला नाही. पुन्हा लावला, तेच. साहेबांचा मध्येच फोन आला, तिनं वायरीचं सांगितलं. वायर काढा, एवढी चाचणी परत घ्या, संध्याकाळपर्यंत सही करून टाका, असं ते म्हणत होते. ती म्हणाली, "एक सापडली म्हणजे सगळ्या पॅनलांत बघावं लागेल सर. आज सही होणार नाही," आणि फोन ठेवला.

दुपारी ती आमच्या दारात उभी राहिली. चेहरा धुळीनं माखलेला.

"वहिनी, जळकोटला येता का माझ्याबरोबर?"

आमच्याकडं आल्यापासून तिनं मला काही मागितलं नव्हतं. विरजणसुद्धा नाही. मी गॅस बंद केला, ह्यांना फोन केला आणि तशीच निघाले.

येणेगूरला हायवे लागला. मग तिनं पंपहाउसचं सगळं सांगितलं, आणि शेवटी म्हणाली, "वेळा अमावस्येच्या आधीपासून आप्पांचा फोन एकदाही चुकला नाही, वहिनी. एकदाही. जे कधीच चुकत नाही तिथं जाऊन बघायचं, हे मी सगळ्या जगाला शिकवत फिरते."

"अगं, आज सकाळी वाजला की फोन. मी ऐकला."

"मीही ऐकला," ती म्हणाली.

 रस्त्याच्या कडेला लिंबाची झाडं मागं जात होती आणि ती दोन्ही हातांनी स्टिअरिंग घट्ट धरून बसली होती. मध्ये एकदा म्हणाली, "फोन उचलला नाही म्हणजे शेतात असतील. नाही का?" मी म्हटलं, "हो, असतीलच." त्यांनी शेतात जाणं कधीच सोडलंय हे आम्हा दोघींनाही ठाऊक होतं.

आप्पा गिरणीच्या दारात बसले होते. जिवंत, नीट, पटका बांधलेले. माझा जीव भांड्यात पडला. गाडीचा आवाज ऐकून त्यांनी मान वर केली. जगदेवी उतरली आणि चार पावलांवर जाऊन थांबली. ऊन तिच्या तोंडावर पडलं होतं, ती न दिसायचं काही कारण नव्हतं.

"कोण हाय?" आप्पांनी विचारलं.

ती बोलली नाही. मी तोंड उघडणार तेवढ्यात तिनं हात आडवा केला. उभी राहिली, तशीच, हातात गोळा धरून उभी राहिली असेल तशी.

"कोण हाय? बोला की." आप्पांनी कान या बाजूला केला. "दळण बंद हाय बरं का. गिरणी चालत न्हाय आता. तिकडं चौकात जावा."

मग ती एक पाऊल पुढं गेली. "आप्पा."

आप्पांच्या चेहऱ्यावर आधी हसू आलं, मग भीती. त्यांनी तिच्या थोडं डावीकडं बघून म्हटलं, "जगू? आज कशी काय? काम सोडून आलीस?"

घरात त्यांना सगळं सापडत होतं. उठून त्यांनी माठातून पाणी काढलं, दोन पेले भरले, एक थेंब सांडला नाही. ज्या घरात वर्षानुवर्षं हातानं सगळं केलंय तिथं डोळे नसले तरी कळत नाही कुणाला. ती रविवारी यायची तेव्हा त्यांनी असंच पाणी दिलं होतं, असंच चुलीपाशी बसून चहा केला होता. धोतर वर सरकलं तेव्हा पिंढरीवर मोठी वाळत आलेली जखम दिसली.

"हे काय?"

"काय न्हाय. काट्याला अडकलो." गिरणीत धान्य जोखायचा जुना वजनकाटा अजून मध्येच उभा होता.

तेवढ्यात सिताबाई शेतातून आल्या, डोक्यावर गवताचा भारा. जगदेवीला बघून भारा तिथंच टाकला. "अगं बया, जगू! फोन केल्तास का काय? घरात चार्जिंगला लावून गेल्ते बघ."

"आप्पांचा फोन तुमच्याकडं असतो, मावशी?"

सिताबाईंनी आप्पांकडं बघितलं.  मग सिताबाई म्हणाल्या, "आता लपवून काय करायचं. त्यास्नी चार्जिंगचं भोक सापडंना, बटनं दिसंनात. मला म्हनले, सिता, रोज सकाळी हे हिरवं दाबायचं, एकदा वाजलं की तांबडं. पोरगी कामात हाय, तिला घोर नको."

"रोज तुम्ही दाबता?"

"म्या एक दिस चुकवलं न्हाय, पोरी!" सिताबाई अभिमानानं म्हणाल्या. "सोलापूरला लेकीच्या बाळंतपणाला गेल्ते न्हवं का, तवा बी फोन संगं नेला. तिथं दवाखान्यात बसून बी रोज सकाळी दाबायचे. म्हनलं, शब्द दिलाय."

 बाहेरून एक ट्रक गेला, भांडी थरथरली.

"आप्पा," जगदेवी हळू म्हणाली, "तुम्ही पडलात कधी?"

आप्पांनी गुडघ्यावरचं धोतर खाली ओढलं. "तवाच. सिता सोलापूरला व्हती तवा."

"मग उठवलं कुणी?"

"दूधवाला आला की दुसऱ्या दिशी. जास्त काय न्हाय झालं. पडूनच व्हतो, निवांत."

त्या दिवशीही सकाळी आमच्या माडीवर फोन वाजला होता. एकदा, वेळेवर. तिनं नळ सोडला असेल, चहा ठेवला असेल. मी दूध तापवलं असेल.

सिताबाईंना तेव्हा कुठं उमगलं. तोंडाला पदर लावून त्या मटकन खाली बसल्या. जगदेवी उठून त्यांच्याजवळ गेली आणि त्यांच्या पाठीवरचं गवत झटकत राहिली. "तुमचं काही चुकलं नाही, मावशी. तुम्ही शब्द पाळला." मला आठवतंय, शिवराजलाही ती काहीच बोलली नव्हती.

"मला सांगायचं की, आप्पा. दोनदा वाजवायचा. दोनदा वाजला की मी फोन करते, ठरलंय ना आपलं?"

"काय सांगू? तू आली असतीस धावत. वरच्यावर कामं टाकून आलीस तर कोण ठेवल तुला? आन् दवाखान्याला न्हेऊन तुझ्या त्या माडीवर ठिवलं असतंस मला. तिथं मला जिना बी गवसायचा न्हाय. हितं समदं हाताशी हाय." मग जरा थांबून, माझ्या दिशेनं मान वळवून म्हणाले, "बाई, तुमी बसला का? पोरगी माणसाला बसा म्हणायचं इसरती."

त्याच आठवड्यात सोलापूरला नेलं. काचबिंदू. एक डोळा पुरता गेलेला, गेलेली नजर परत यायची नाही. दुसऱ्यात उजेड-अंधार आणि माणसाची सावली कळण्याइतकं आहे, थेंब घालत राहिलं तर ते काही दिवस टिकेल. डॉक्टरांनी विचारलं, "घरात कुणाच्या लक्षात आलं नाही का?" जगदेवी म्हणाली, "घरात कुणी नव्हतं." डॉक्टर लिहीत राहिले.

तिनं माडी सोडली. सामान एका गाडीत मावलं. न वापरलेला कप तिनं मला दिला, नको म्हटलं तरी. जळकोटहून रोज येऊन तिनं सगळी पॅनलं पुन्हा उघडली, आणखी दोन ठिकाणी तसेच तुकडे सापडले. ते काढले, गोळे नीट बसवले. शिवराजचा भोंगा उगाच का वाजतो त्याचं कारण शोधलं आणि मगच सही केली. कंपनीनं लगेच छत्तीसगडचं अडलेलं काम पुढं केलं. ती म्हणाली, जवळचं असेल तर द्या. जवळचं नव्हतं, तिनं नोकरी सोडली. आता ती आजूबाजूच्या साखर कारखान्यांची, योजनांची तपासणी करते, मिळेल तशी. पगार नाही, काम असेल त्या दिवसाचे पैसे.

मी मध्ये एकदा जाऊन आले. दोघंही आपापल्या कोपऱ्यात बसलेले. तिनं वजनकाटा हलवून भिंतीला लावला होता, आणि नेमके त्यालाच आप्पा अडखळत होते, कारण तो आता जुन्या जागी नव्हता. त्यावरून कुरबूर झालेली दिसत होती. निघताना ती वेशीपर्यंत सोडायला आली.

"बोलतात का गं आप्पा?"

"नाही. आयुष्यभर एकेका घंटीवर भागवलं, वहिनी. आता समोरासमोर बसून काय बोलायचं ते दोघांनाही येत नाही."

तो जुना काटा तिनं दुसऱ्या दिवशी परत मध्ये नेऊन ठेवला, असं सिताबाईंकडून कळलं.

आमची माडी रिकामीच आहे. पहाटे सडा टाकताना अजून माझे कान वर जातात. विठाबाई म्हणतात, भाडेकरू बघ दुसरा. बघते म्हणते आणि बघत नाही.

परवा सडा घालत होते आणि माझाच फोन आत वाजला. एकदा. जाऊन बघेपर्यंत बंद. जगदेवीचं नाव होतं. तिचा कायदा मला ठाऊक होता. एकदा वाजून बंद, म्हणजे बरं चाललंय. उचलायचा नाही, परत करायचाही नाही. मी ओल्या हातांनीच तिला फोन लावला.

"वहिनी, मिस कॉल होता," ती गडबडीनं म्हणाली. "तसं काही नाही. बरं आहे."

"मिस कॉलचं कळलं मला. पण मी आता ऐकल्याशिवाय मानत नाही. बोल काहीतरी."

ती काही बोलली नाही. पण फोन ठेवलाही नाही. मला हायवेवरचा ट्रक ऐकू आला, मग स्टोव्हचा सूं सूं आवाज. मी बादलीच्या काठावर हात टेकून उभी राहिले. बऱ्याच वेळानं ती म्हणाली, "काल थेंब घालताना म्हणाले, उजेडबी कमी झालाय."

मी हं म्हटलं.

तेवढ्यात मागून आप्पांचा आवाज आला, झोपेतून उठल्यासारखा. "कोण हाय?"

"मीच, आप्पा," ती म्हणाली. "मीच आहे."